सहलीच्या आधीची सहल



आपल्या वर्गाची सहल यंदा लोणारला जाणार आहे. लोणार म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. शिरपुरातल्या पुष्कळ घरांची तिकडे सोयरीक आहे. तरी संमतीपत्रे वाटली तेव्हा घरोघरी तेच प्रश्न निघाले. तो खड्डा केवढा खोल आहे? पोरं खाली उतरणार का? पाण्याजवळ लक्ष कोण ठेवणार? उन्हात किती चालावं लागेल? आमच्या वर्गातली एक मैत्रीण काठी घेऊन चालते. तिचे संमतीपत्र तर कोरेच परत आले. तिच्या आईने निरोप दिला, "तिले पाठवून तुमची अडचण काहून करू?"

हे प्रश्न खरे आहेत. त्यांना "काही होत नाही हो" असे उत्तर देऊन भागत नाही. म्हणून बाईंनी सांगितले की जाण्याआधी लोणार इथूनच पाहायचे आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आकड्यांत लिहायचे. शाळेचा संगणक, बाईंचा मोबाईल, एक दोरा, एक पट्टी आणि वही एवढे सामान घेऊन आम्ही आठ दिवस हे काम केले. ते कसे करायचे हे मी येथे लिहीत आहे. ही रीत फक्त सहलीपुरती नाही. नवोदयची परीक्षा असो, नागपूरचा दवाखाना असो की पंढरीची वारी असो, अनोळखी गावी जाणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल.

पहिले काम : नाव पुरते लिहा

संगणकावरच्या नकाशात नुसते "शिरपूर" लिहिले तर तो बहुधा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला नेऊन बसवतो, कारण ते मोठे तालुक्याचे गाव आहे. "मालेगाव" लिहिले तर नाशिक जिल्ह्यातले मालेगाव पुढे येते. आपले मालेगाव वाशिम जिल्ह्यातले. म्हणून गाव, तालुका, जिल्हा असे पत्रावर लिहितो तसे पुरते लिहावे : शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. मग गाव सापडले की ओळखीची खूण तपासावी. आम्ही आधी अंतरिक्ष पार्श्वनाथाचे देऊळ शोधले, मग आपली शाळा. आपले गाव बरोबर ओळखता आले की परके गाव ओळखायला भीती वाटत नाही.

लोणारचा पत्ता आकड्यांतही लिहिता येतो. ते साधारण १९ अंश ५८ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७६ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश पाठ करताना त्याचा उपयोग काय, असे वाटायचे. उपयोग हाच. नावे सारखी असू शकतात, पण हे दोन आकडे मिळून जगात एकच जागा दाखवतात. गंमत म्हणजे आपले शिरपूर २० अंशांच्या रेषेच्या थोडे वर आहे आणि लोणार थोडे खाली. म्हणजे सहलीच्या वाटेत २० अंशांची रेषा आपण ओलांडणार आहोत. ती रस्त्यावर आखलेली मात्र दिसणार नाही!

नकाशा वेगळा, चित्र वेगळे

पडद्यावर दोन प्रकार दिसतात. एक साधा नकाशा, त्यात रस्ते, नावे आणि नद्या रेघांनी काढलेल्या असतात. दुसरे उपग्रहाचे चित्र, ते वरून काढलेल्या फोटोसारखे असते. दोन्ही आळीपाळीने पाहावे. नकाशा नाव सांगतो, चित्र रूप सांगते. नकाशात एक बारीक रेघ असते. चित्रात पाहिले तर कळते की तो डांबरी रस्ता आहे की शेतातून जाणारी गाडवाट. चित्रात एक काळा चौकोन दिसतो. नकाशात पाहिले तर कळते की ती विहीर नाही, तलाव आहे.

असे नकाशे देणाऱ्या सोयी अनेक आहेत. गूगल मॅप्स २००५ साली सुरू झाले. ओपनस्ट्रीटमॅप त्याच्या एक वर्ष आधी सुरू झाले, आणि ते जगभरचे साधे लोक आपापल्या गावचे रस्ते भरून तयार करतात. आपल्या देशाचे "भुवन" इस्रोने ऑगस्ट २००९ मध्ये सुरू केले. त्याही आधी, कागदावरचे नकाशे करणारा भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासून काम करतो आहे. त्याच्या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर असे प्रमाण असते आणि चढ-उतार तपकिरी रेघांनी दाखवतात. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. रेघा जवळ जवळ असल्या तर चढ उभा, लांब लांब असल्या तर जमीन सपाट. एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी नकाशा बोलू लागतो.

अंतर कसे मोजावे

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते. तिच्यावर "५०० मीटर" किंवा "५ किलोमीटर" असे लिहिलेले असते. चित्र मोठे-लहान केले की ती पट्टीही बदलते. आम्ही पट्टीवर दोरा धरून अंतर मोजले, मग मोबाईलमधल्या "अंतर मोजा" या सोयीने ताडून पाहिले. शिरपूर ते लोणार सरळ रेषेत साधारण ५० किलोमीटर भरले. पण एस.टी. काही पाखरू नाही. ती रिसोडवरून वळणे घेत जाते, म्हणून रस्त्याने ६० च्या पुढेच जाते. दोऱ्याने रस्त्याची वळणे मोजायला पाचवीतल्या मुलांना फार आवडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नकाशा जो वेळ सांगतो तो मोटारगाडीचा असतो. मुलांनी भरलेली बस थांबते, कुणाला मळमळते, कुणाला लघवीला उतरायचे असते. म्हणून आम्ही नकाशाच्या वेळेत निम्मा वेळ आणखी मिळवला आणि तोच धरून परतीची वेळ लिहिली. दिवस मावळायच्या आत गावात यायचे, हे आधी ठरवून मग बाकीचा हिशेब उलटा केला.

हे चित्र येते कुठून?

उपग्रह पृथ्वीभोवती शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि खालच्या जमिनीची चित्रे घेतात. त्यांतला लँडसॅट ८ हा अमेरिकेचा उपग्रह २०१३ सालापासून सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि १६ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. त्याच्या नेहमीच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद तुकडा. आपल्या शाळेचे सगळे पटांगण त्यात एक-दोन ठिपक्यांतच संपते. लोणारचे तळे मात्र साधारण १,२०० मीटर रुंद आहे, म्हणून ते ४० ठिपक्यांचे होते आणि चांगले ओळखू येते. आपल्या इस्रोचा कार्टोसॅट ३ हा २०१९ साली सोडलेला उपग्रह तर काळ्या-पांढऱ्या चित्रात २५ सेंटीमीटरपर्यंतचा बारकावा टिपतो. म्हणजे वीतभरापेक्षा थोडे जास्त. गूगलच्या नकाशातली काही बारीक चित्रे विमानातूनही घेतलेली असतात.

आता तुम्ही म्हणाल, की मग तिथे आत्ता कोण उभे आहे तेही दिसेल! तसे नाही. हे चालू चित्र नव्हे. ते कधीतरी घेतलेले असते, काही महिन्यांपूर्वी किंवा दोन-तीन वर्षांपूर्वीसुद्धा. म्हणून चित्राची तारीख पाहायची सवय लावावी.

तारीख का पाहावी, याचे दोन दाखले

पहिला दाखला आपल्या घरचा. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रेही पाहता येतात. मालेगाव तालुक्याची जुनी चित्रे पाहिली तर शेतांचे तुकडे तेवढे दिसतात. नव्या चित्रांत मधूनच एक रुंद पट्टी आरपार जाते. तो समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर ते शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये. जुने चित्र पाहून कोणी वाट आखली तर त्याला तो रस्ता सापडणारच नाही.

दुसरा दाखला लोणारचाच. लँडसॅट ८ च्या २५ मे २०२० च्या चित्रात तळे हिरवट आहे. त्याच उपग्रहाच्या १० जून २०२० च्या चित्रात ते गुलाबी आहे. मधे गेले दिवस किती? १६. म्हणजे उपग्रहाची एकच फेरी! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचे कळले. पुढे तो रंग गेला. म्हणून जो फक्त जूनचे चित्र पाहून जाईल, तो तिथे जाऊन म्हणेल, "हे ते तळे नव्हेच!"

खोली कशी कळते?

हा प्रश्न सर्वांत अवघड, आणि आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. वरून घेतलेल्या चित्रात सगळे चपटे दिसते. शिवाय डोळ्यांना एक भूल पडते. आपल्याला उजेड वरून पडण्याची सवय असते. पण हिवाळ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमारास घेतलेल्या चित्रात सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे उत्तर वर धरली तर उजेड चित्राच्या खालच्या बाजूने येतो. त्यामुळे कधी कधी खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी! अशा वेळी चित्र उलटे फिरवून पाहावे, म्हणजे भूल मोडते. नियम सोपा आहे. सूर्याकडची भिंत अंधारी असेल तर खड्डा, उजळ असेल तर टेकडी. परातीत पाणी न घालता ती उन्हात तिरपी ऊन पडेल अशी ठेवा आणि पाहा.

खरा आकडा गूगल अर्थमध्ये मिळतो. ज्या जागी बाण ठेवू तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची खाली लिहून येते. काठाची उंची घ्यावी, पाण्याजवळची उंची घ्यावी आणि वजाबाकी करावी. पुस्तकांत लोणारचे पाणी काठापासून सुमारे १३७ मीटर खाली असल्याचे दिले आहे. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटरांच्या आसपास आहे. एकावर एक असे दोन कुतुबमिनार तळ्यात उभे केले तर दुसऱ्याचे टोक तेवढे काठावर डोकावेल.

मग आम्ही उताराचे गणित केले. खड्ड्याची रुंदी काठापासून काठापर्यंत सुमारे १,८३० मीटर आणि तळ्याची १,२००. वजाबाकी ६३०. ती दोन्ही बाजूंची, म्हणून एका बाजूला ३१५ मीटर. ३१५ मीटर पुढे जाताना १३७ मीटर खाली जायचे, म्हणजे दर १०० मीटरला ४३ मीटर उतार! पायवाट वळणावळणाने जाते म्हणून ती इतकी उभी नसते, पण तितकीच लांब होते. आणि उतरलेले सगळे परत चढायचे असते. एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर ९०० हून जास्त पायऱ्या झाल्या. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला.

गोल तर दिसला, पण झाला कसा?

चित्रात लोणार इतके गोल दिसते की कंपासाने काढल्यासारखे वाटते. पण गोल खड्डा ज्वालामुखीचाही असू शकतो. आपल्या भागातला काळा पाषाण लाव्हारसाचाच आहे, त्यामुळे पुष्कळ वर्षे हे ज्वालामुखीचे तोंड आहे असे अनेक जाणकार मानत होते. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली या जागेची नोंद केली. पुढे १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळातले खडक काढून तपासले आणि फार मोठ्या आघातानेच होणारे बदल त्यांत दाखवून दिले. म्हणजे आकाशातून आलेली उल्का येथे आदळली होती. वयाचेही तसेच. आधी ते सुमारे ५२ हजार वर्षे मानत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. यावरून आम्ही वहीत लिहिले : आकार चित्र सांगते, कारण दगड सांगतो. म्हणून चित्र पाहिले तरी जायचे असतेच.

जाण्याआधी पाहण्याची ही रीत मोठी माणसेही पाळतात. चांद्रयान २ चा लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर नीट उतरू शकला नाही, पण वर फिरणाऱ्या भागाचा कॅमेरा चालू राहिला. त्याने काढलेल्या बारीक चित्रांवरून चांद्रयान ३ साठी खड्डे आणि दगड टाळून ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद जागा निवडली आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते तिथे अलगद उतरले. चंद्रावर जायला नकाशा लागतो, मग लोणारला नको का?

चित्र काय सांगत नाही

पाण्याचा वास सांगत नाही. नळाला पाणी आहे की नाही ते सांगत नाही. दार किती वाजता उघडते, पायरी निसरडी आहे का, झाडीत वानरे किती, खाली मोबाईल लागतो का, यांतले काहीच सांगत नाही. झाडांखालची पायवाट तर वरून दिसतच नाही. नकाशातली नावेही माणसांनीच टाकलेली असतात, ती कधी शंभर पावले इकडे-तिकडे असतात. या प्रश्नांना जुनाच उपाय आहे, तो म्हणजे विचारणे. एका मुलाचे आजोबा म्हणाले, "मी दोन डाव उतरलो हाय. उतराले सोपं, चढाले जीव जाते. पाणी वरूनच भरून घ्या." आमच्या गणिताने जे नऊशे पायऱ्यांत सांगितले, ते आजोबांनी एका वाक्यात सांगितले. दोन्ही जुळले म्हणून दोन्हींवर विश्वास बसला.

मग ठरले काय?

आमच्या त्या मैत्रिणीने एक दिवस नकाशापुढे बसून विचारले, "खाली उतरल्याशिवाय तळं दिसतच नाही का?" हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता. मग तिनेच दोरा घेऊन काठ मोजला. हिशेबाने काठाचा घेर पावणेसहा किलोमीटरच्या आसपास येतो. लोणार गाव काठाला लागूनच आहे आणि काठाजवळून गाडीरस्ता जातो, हे चित्रात स्पष्ट दिसले. दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ गावातच आहे. आणखी एक गोष्ट तिनेच दाखवली. तळ्याच्या काठी उभे राहिले तर समोर पाणी आणि झाडी दिसते, पण पुरता गोल एका नजरेत पाहायचा तर वरच थांबावे लागते.

म्हणून आता दोन गट केले आहेत. पहिला गट गुरुजींबरोबर सकाळच्या गार वेळेत उतरेल आणि ठरलेल्या वेळी वर येईल. दुसरा गट बाईंबरोबर काठावरून पाहील, दैत्यसूदनाचे देऊळ पाहील आणि खड्ड्याचे चित्र काढेल. या गटात आतापर्यंत नऊ जणांनी आपण होऊन नावे दिली आहेत. सगळे एकाच ठिकाणी जेवतील. कोणी कोणाची अडचण नाही. ती मैत्रीण या गटाची नकाशाप्रमुख आहे, फक्त तिचे संमतीपत्र अजून यायचे आहे.

पालकांनो, आम्ही काढलेला नकाशा या भिंतीवर शेजारीच लावला आहे. लाल रेघ बसची, हिरवी रेघ चालण्याची, निळा ठिपका पाण्याचा. प्रत्येक जागेपुढे वेळ लिहिली आहे. तुमच्यापैकी जे लोणारला जाऊन आले आहेत त्यांनी तो तपासावा आणि जिथे आमचे चुकले असेल तिथे पेन्सिलीने लिहावे, पेन्सील दोरीला बांधून ठेवली आहे. आणि मित्रांनो, तुमच्या घरी येत्या महिन्यात कोणी अनोळखी गावी जाणार असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा, गावाचे नाव पुरते लिहा, चित्राची तारीख पाहा, अंतर मोजा आणि शेवटी तिथे जाऊन आलेल्या एका तरी माणसाला विचारा.

— इयत्ता सातवी